डिस्क दिसते, पण उघडत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे तीन प्रश्न विचारा



जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दुकान कसं चालवायचं, हे आपण व्हिडिओत पाहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं. लायसन्सचा खर्च नाही, मशीन पुन्हा पळायला लागलं, सगळं छान.

पण त्यानंतर दोन प्रश्न सारखे येतात. एक, “सर, हार्ड डिस्क लावली पण उघडत नाही.” आणि दोन, “सर, फाइल सेव्ह करताना परमिशन डिनाइड येतंय.” आज या दोन्हींचा कायमचा निकाल लावू.

आधी एक सूचना. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. जिथे अक्षरं आडव्या रेघेने तोडून लिहिलीत, तिथे ती इंग्रजी छोट्या लिपीत सलग टाइप करायची. ‘डॅश’ म्हटलं की खरोखरची आडवी रेघ टाइप करायची, तिच्या आधी एक जागा सोडून. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिसेलच.

रात्री साडेनऊचा फोन

आपल्या बॅचमधल्या एक ताई लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करतात. ऐन लग्नसराईत रात्री त्यांचा फोन आला. आवाज रडवेला.

“सर, डिस्क गेली. चार लग्नांचे फोटो होते हो तिच्यात.”

“ताई, आधी पाणी प्या. नक्की काय दिसतंय ते सांगा.”

त्यांनी सांगितलेलं असं. डेस्कटॉपवर ‘बॅकअप’ नावाचा शॉर्टकट होता. तो उघडला तर आत फक्त गेल्या तीन आठवड्यांचं काम. त्याआधीचे सगळे अल्बम गायब. तिथे नवीन फाइल सेव्ह करायला गेल्या तर ‘परमिशन डिनाइड’. घाबरून त्यांनी डिस्क काढली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या विंडोजला लावली. तिथे मेसेज आला, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. आणि दादा म्हणाले, “करून टाका ताई, मग चालू होईल.”

ताईंनी बटण दाबण्याआधी फोन केला, हे नशीब.

डिस्कला काहीही झालं नव्हतं. सगळे अल्बम जागच्या जागी होते. मग दिसत का नव्हते? हे समजायला पाच मिनिटं ‘माउंट’ म्हणजे काय ते बघू.

माउंट म्हणजे गोदामाला दार जोडणं

विंडोजमध्ये डिस्क लावली की तिला सी, डी, ई असं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये, आणि एकूणच युनिक्स घराण्यातल्या सगळ्या सिस्टिममध्ये, अशी अक्षरं नसतात. तिथे फोल्डरचं एकच मोठं झाड असतं आणि नवीन डिस्क त्या झाडातल्या एखाद्या फोल्डरला जोडली जाते. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. ज्या फोल्डरला जोडली, तो माउंट पॉइंट.

दुकानाच्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे गोदाम. माउंट पॉइंट म्हणजे तुमच्या दुकानाच्या मागचं दार, ज्यावर ‘बॅकअप’ अशी पाटी आहे. गोदाम जोडलेलं असेल तर दार उघडल्यावर गोदामातला माल दिसतो. जोडलेलं नसेल, तरी दार उघडतंच! फक्त आत एक छोटी कोंडवजा खोली दिसते. ती खोली तुमच्या दुकानाचीच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरची.

आता गंमत बघा. गोदाम जोडलेलं नसताना तुम्ही त्या खोलीत माल ठेवला, तर तो दुकानातच राहतो, गोदामात जात नाही. आणि नंतर त्याच दाराला गोदाम जोडलं, तर खोलीतला माल गोदामाच्या मागे झाकला जातो. पुसला जात नाही, पण दिसतही नाही.

हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा. पुढे कोणतीही अडचण आली तर तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे:

१. डिस्क मशीनला दिसते का?
२. दिसत असेल तर ती कुठल्या फोल्डरला जोडली आहे?
३. जोडली असेल तर त्या फोल्डरचा मालक कोण, आणि मी कोण?

बहुतेक लोक पहिले दोन प्रश्न सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारतात, परमिशन बदलत बसतात आणि गुंता वाढवतात.

प्रश्न पहिला: डिस्क दिसते का?

टर्मिनल उघडा आणि एल-एस-बी-एल-के ही कमांड द्या. ही फक्त माहिती दाखवते, काही बिघडवत नाही, त्यामुळे बिनधास्त द्या.

एक यादी येईल. एस-डी-ए, एस-डी-बी अशी डिस्कची नावं, आणि त्याखाली एस-डी-बी-१ असे तिचे भाग, म्हणजे पार्टिशन. समोर साइज. नावापेक्षा साइज बघून डिस्क ओळखा. तुमची डिस्क १ टीबीची असेल तर साधारण ९३१ जी असं दिसेल. चोरी झालेली नाही. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने, एवढाच फरक.

डिस्क यादीतच नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. केबल बदला. यूएसबी हब काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर तिचा स्वतंत्र अॅडॉप्टर चालू आहे का बघा. त्यानंतर सुडो लावून डी-एम-ई-एस-जी ही कमांड द्या आणि शेवटच्या दहा-पंधरा ओळी वाचा. डिस्क लावल्यावर सिस्टिमला काय दिसलं, याची ती डायरी असते.

त्या डायरीत ‘आय-ओ एरर’ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर लगेच थांबा. डिस्क आतून बिघडतेय. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या कमांड चालवत बसलात तर उरलेलंही जाईल. जे निघतंय ते आधी कॉपी करा. निघत नसेल आणि डेटा मोलाचा असेल, तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

प्रश्न दुसरा: कुठे जोडली आहे?

त्याच यादीत शेवटचा रकाना बघा. तिथे माउंट पॉइंट लिहिलेला असतो. रकाना रिकामा म्हणजे डिस्क दिसतेय, पण जोडलेली नाही. रकान्यात तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं नाव असेल, तर तुम्ही चुकीचं दार उघडताय.

ताईंच्या मशीनवर नेमकं हेच होतं. शेजाऱ्यांकडची डिस्क परत आणून त्यांच्याच मशीनला लावायला सांगितली आणि यादी मोठ्याने वाचायला सांगितली. रकान्यात शेवटचं नाव ‘बॅकअप’ नव्हतं, ‘बॅकअप१’ होतं. हा ‘१’ कुठून आला, ते पुढे सांगतो.

डिस्क जोडायला गेल्यावर एरर येत असेल, तर एररचे शब्द नीट वाचा. नेहमीच्या अडचणी अशा:

*‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’.* वाचून छातीत धस्स होतं. पण हा मेसेज म्हणजे “यापैकी काहीतरी एक चुकलंय, मला नक्की माहीत नाही” एवढंच. बऱ्याचदा कारण साधं असतं: एस-डी-बी-१ ऐवजी नुसतं एस-डी-बी लिहिलेलं असतं, म्हणजे पार्टिशनऐवजी अख्खी डिस्क. नक्की कारण डायरीच्या शेवटच्या ओळींत मिळतं.

*‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’.* डिस्कवर माल ज्या पद्धतीने लावलाय, ती पद्धत तुमच्या सिस्टिमला येत नाही. कॅमेऱ्याची ६४ जीबी आणि त्यावरची मोठी कार्डं बहुधा एक्सफॅट पद्धतीची असतात आणि फार जुन्या लिनक्समध्ये त्यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागतं. नव्या लिनक्समध्ये ही सोय आतच आहे.

*विंडोजची एनटीएफएस डिस्क जोडत नाही, किंवा फक्त वाचता येते.* फोटो आणि प्रिंटिंगवाल्यांना हा त्रास हमखास होतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. डिस्कचा हिशेब त्याच्या डोक्यात उघडाच राहतो. मग लिनक्स म्हणतं, “दुसऱ्याची वही उघडी आहे, मी त्यात लिहिणार नाही.” ते बरोबरच म्हणतं! उपाय विंडोजमध्येच करायचा: शिफ्ट बटण दाबून ठेवून शट डाउन करा, किंवा फास्ट स्टार्टअप बंद करून टाका. बाहेरची डिस्क असेल तर ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय ओढू नका. जबरदस्तीने जोडायचे मार्ग आहेत, पण विंडोजमधलं सेव्ह न झालेलं काम त्यात जाऊ शकतं. तो शेवटचा पर्याय.

*डिस्क काढताना ‘टार्गेट इज बिझी’.* कोणीतरी अजून गोदामात उभं आहे. एखादी फाइल उघडी असेल, किंवा तुमचंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये बसलेलं असेल. टर्मिनलमध्ये नुसतं सी-डी लिहून एंटर मारा, उघड्या फाइल बंद करा, पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही सुटलं तर एल-एस-ओ-एफ ही कमांड आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं, की कोण अडून बसलंय ते कळतं.

*‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’.* हा परमिशनचा प्रश्न वाटतो, पण तसा तो नाही. इथे मालकी बदलून काहीही होणार नाही. मेमरी कार्ड असेल तर बाजूची छोटी लॉकची कळ बघा, गंमत नाही, अनेकदा तेच असतं. डिस्क असेल तर शक्यता अशी, की सिस्टिमला चूक आढळली आणि आणखी नुकसान नको म्हणून तिने लिहिणं थांबवलं. म्हणजे वॉचमनने कुलूप लावलंय. कुलूप तोडण्याआधी माल सुरक्षित करा: आधी कॉपी काढा, मग डिस्क अनमाउंट करा आणि मगच एफ-एस-सी-के ही तपासणी चालवा. जोडलेल्या, चालू डिस्कवर ही दुरुस्ती कधीच करायची नाही.

आणि तो विंडोजचा ‘फॉरमॅट करा’ मेसेज? ताईंची डिस्क ईएक्सटी४ पद्धतीची होती. लिनक्सची ती नेहमीची पद्धत, पण विंडोजला ती स्वतःहून वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ते “कोरी करून देऊ का?” असं विचारतं. मोडी वाचता येत नाही म्हणून कोणी आजोबांची कागदपत्रं रद्दीत टाकायला निघावं, तसा हा प्रकार. लक्षात ठेवा, अनोळखी मशीनवर फॉरमॅट विचारलं तर उत्तर नेहमी ‘नाही’.

प्रश्न तिसरा: मालक कोण, मी कोण?

डिस्क दिसतेय, बरोबर दाराला जोडलीय, तरी ‘परमिशन डिनाइड’. आता परमिशनकडे वळायचं.

दोन कमांड द्या. आय-डी दिली की मी कोण ते कळतं: माझा नंबर आणि मी कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे. एल-एस डॅश एल दिली की फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा मालक आणि ग्रुप दिसतो. ओळीच्या सुरुवातीला आर, डब्ल्यू, एक्स या अक्षरांची माळ असते. ती तीन-तीनच्या गटात वाचायची: पहिले तीन मालकाचे, पुढचे तीन ग्रुपचे, शेवटचे तीन बाकी सगळ्यांचे.

दुकानातही असंच असतं ना? गल्ल्याला हात मालकाचा. स्टॉक रजिस्टर दुकानातल्या माणसांनी लिहायचं. रेटबोर्ड कोणीही वाचावा. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं आणि पुसणं, एक्स म्हणजे प्रोग्राम चालवणं. पण फोल्डरच्या बाबतीत एक्स म्हणजे ‘आत पाऊल टाकण्याची’ परवानगी. आकड्यांत आर चे ४, डब्ल्यू चे २, एक्स चा १. बेरीज करा: ७ म्हणजे तिन्ही, ५ म्हणजे वाचणं आणि आत जाणं, ६ म्हणजे वाचणं-लिहिणं.

आता सर्वात प्रसिद्ध वाईट सल्ला. कोणीतरी सांगतं, “सी-एच-एम-ओ-डी ७७७ मार, सगळं सुटतं.” ७७७ म्हणजे मालक, नोकर आणि रस्त्यावरून जाणारा, तिघांनाही गल्ल्याची किल्ली. आणि हेच सगळ्या आतल्या फोल्डरसकट सिस्टिमच्या मुख्य भागावर चालवलं तर मशीनच मोडतं. सुडोची नियमांची फाइल कोणालाही बदलता येतेय असं दिसलं की सुडो काम करायलाच नकार देतं. मग दुरुस्तीची किल्लीच हरवली म्हणायची.

त्यापेक्षा अडचण कुठली आहे ते ओळखा.

*मालक दुसराच आहे.* ताईंच्या त्या ‘बॅकअप’ फोल्डरचा मालक ‘रूट’ होता, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी. म्हणून त्यांना तिथे लिहिता येत नव्हतं. अशा वेळी, फोल्डर खरोखर तुमच्या कामाचाच असेल तर, सी-एच-ओ-डब्ल्यू-एन कमांडने मालकी तुमच्या नावावर करा. पण आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं. ताईंनी थेट मालकी बदलली असती तर फाइल सेव्ह झाली असती, त्यांना वाटलं असतं प्रश्न सुटला, आणि त्या आयुष्यभर चुकीच्या खोलीत माल ठेवत राहिल्या असत्या.

*डिस्क दुसऱ्या मशीनवरून आलीय.* ईएक्सटी४ डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर लिहिलेला असतो. उबंटू आणि मिंटवर पहिल्या युजरचा नंबर १००० असतो, पुढच्याचा १००१. घरच्या मशीनवर तुम्ही १००० आणि दुकानात १००१ असाल, तर स्वतःच्याच फाइल परक्या होतात.

*मालकी बदलतच नाही.* पेन ड्राइव्ह किंवा कार्ड फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचं असेल तर त्यावर लिनक्सची मालकी साठवायला जागाच नसते. कमांड ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणते. अशा डिस्कची मालकी जोडतानाच सांगावी लागते, यू-आय-डी हा पर्याय देऊन. आणि ४ जीबीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नसेल तर तो परमिशनचा प्रश्नच नाही. फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचूच शकत नाही.

*फोल्डर उघडा आहे, पण वाट बंद आहे.* आतल्या खोलीला कुलूप नाही, पण जिन्याच्या दाराला आहे. वरच्या प्रत्येक फोल्डरला एक्स लागतो. डेस्कटॉपवर आपोआप जोडलेली डिस्क मीडिया फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली येते आणि तिथे दुसऱ्या युजरला प्रवेश नसतो. मशीन दोघं वापरत असाल तर डिस्क तिथे न जोडता एम-एन-टी फोल्डरमध्ये स्वतंत्र जागी जोडा.

*एकाच प्रोग्रामला उघडत नाही, बाकी सगळ्यांना उघडतं.* उबंटूवर ‘स्नॅप’ पद्धतीने टाकलेल्या काही अॅपना बाहेरची डिस्क वापरायची वेगळी परवानगी द्यावी लागते. सेटिंगमध्ये त्या अॅपच्या नावासमोर ती कळ मिळते.

दुकानात दोघं-तिघं एकाच फोल्डरवर काम करत असाल तर ७७७ नको, ग्रुप करा. ‘दुकान’ नावाचा ग्रुप बनवा, फोल्डर त्या ग्रुपचा करा, परवानगी २७७५ द्या. सुरुवातीच्या त्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते. माणसाला ग्रुपमध्ये घेताना यू-एस-ई-आर-एम-ओ-डी कमांडला डॅश ए-जी द्यायचं, यातला जी मात्र मोठ्या लिपीत (कॅपिटल) टाइप करायचा आणि छोटा ए विसरायचा नाही. तो विसरलात तर माणूस नव्या ग्रुपमध्ये येतो, पण बाकी ग्रुपमधून बाहेर पडतो. त्याची सुडोची परवानगीही जाऊ शकते. आणि बदल केल्यावर लॉग आउट करून परत लॉग इन करा, तोवर तो लागू होत नाही.

‘बॅकअप१’ मधला ‘१’ कुठून आला?

आता ताईंचं कोडं सोडवू.

सेटअप करून देणाऱ्या मुलाने एक छोटी स्क्रिप्ट लावली होती. रोज रात्री ९ वाजता रूटच्या नावाने चालायची आणि दिवसाचं काम ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये कॉपी करायची. फोल्डर नसेल तर बनवून घ्यायची. इथेच मेख होती.

एके संध्याकाळी ताई डिस्क घरी घेऊन गेल्या. डिस्क दुकानाबाहेर ठेवणं ही चांगलीच सवय. पण रात्री ९ वाजता स्क्रिप्ट चालली. डिस्क नाही, ‘बॅकअप’ फोल्डर नाही, म्हणून तिने त्याच नावाचा नवा फोल्डर बनवला, कॉम्प्युटरच्याच आतल्या डिस्कवर. मालक अर्थातच रूट.

दुसऱ्या दिवशी डिस्क लावली. ‘बॅकअप’ नाव आधीच अडलेलं, म्हणून सिस्टिमने डिस्क ‘बॅकअप१’ नावाने जोडली. शॉर्टकट आणि स्क्रिप्ट मात्र जुन्याच दाराशी. पुढचे तीन आठवडे रोजचा ‘बॅकअप’ मूळ फाइलच्या शेजारीच पडत होता. एररही नाही, आवाजही नाही. त्या काळात कॉम्प्युटरची डिस्क जळाली असती, तर मूळ फोटो आणि बॅकअप दोन्ही एकदम गेले असते.

मित्रांनो, एरर येते ती डिस्क बरी. ती निदान ओरडते. गप्प राहून चुकीच्या जागी लिहिणारा बॅकअप जास्त धोक्याचा.

दुरुस्ती अशी केली. डिस्क नीट अनमाउंट केली. खोटा ‘बॅकअप’ फोल्डर पुसला नाही, त्याचं नाव फक्त ‘जुना-तपासायचा’ असं बदललं. डिस्क परत लावली, ती आता ‘बॅकअप’ नावानेच आली. तीन आठवड्यांचं काम त्यात कॉपी केलं, दोन-चार अल्बम उघडून बघितले, आणि मगच जुना फोल्डर काढला. एक तास गेला, खर्च शून्य.

पुन्हा होऊ नये म्हणून

एक. कायमच्या बॅकअप डिस्कची नोंद एफ-एस-टॅब नावाच्या फाइलमध्ये करा, म्हणजे ती दरवेळी एकाच दाराला जोडली जाईल. नोंदीत एस-डी-बी-१ असं नाव नको, ते पोर्ट बदलला की बदलू शकतं. डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक म्हणजे यूयूआयडी लिहा. बी-एल-के-आय-डी कमांड तो दाखवते. सोबत ‘एन-ओ-एफ-ए-आय-एल’ हा पर्याय लिहा, म्हणजे डिस्क लावलेली नसली तरी कॉम्प्युटर चालू होताना अडणार नाही.

दोन. ही फाइल बदलण्याआधी तिची कॉपी ठेवा, आणि बदलल्यावर रीस्टार्ट करण्याआधी माउंट डॅश ए देऊन तपासा. यातली एक चुकीची ओळ सकाळी दुकान उघडताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन उभी करते. समोर गिऱ्हाईक आणि स्क्रीन काळी, ही वेळ नको.

तीन. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ तपासणीची असू द्या. ‘माउंटपॉइंट’ नावाची कमांड सांगते की या फोल्डरला खरंच डिस्क जोडली आहे की नाही. नसेल तर स्क्रिप्टने काम थांबवून तसा निरोप द्यायचा. ज्याने स्क्रिप्ट लिहून दिली त्याला आजच सांगा, “फोल्डर नसेल तर बनव” ही ओळ काढ आणि “डिस्क नसेल तर थांब” ही घाल.

चार. आठवड्यातून एकदा डी-एफ डॅश एच द्या. प्रत्येक डिस्क किती भरली ते दिसतं. बॅकअप डिस्कचा आकडा आठवडाभर हललाच नाही आणि कॉम्प्युटरची आतली डिस्क मात्र फुगतेय, तर समजा माल चुकीच्या खोलीत जातोय.

पाच. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल खरंच उघडून बघा. उघडून पाहिलेला बॅकअप तोच खरा.

काउंटरजवळ चिकटवायचा कागद

या पाच ओळी हाताने लिहा आणि मॉनिटरशेजारी लावा. तुम्ही नसताना दुकानात जो असेल, त्याच्यासाठी.

१. फॉरमॅट विचारलं तर ‘नाही’.
२. आधी यादी बघ: डिस्क दिसते का, कुठे जोडली आहे?
३. एररचा फोटो काढ, मग फोन कर.
४. ७७७ नाही.
५. आधी कॉपी, मग दुरुस्ती. पुसू नको, नाव बदल.

ताईंच्या त्या चार लग्नांचे अल्बम वेळेत गेले. त्या मला म्हणाल्या, “सर, बिल बुडलं असतं तर सोसलं असतं, पण त्या लोकांना काय सांगणार होते? लग्न काय परत लावता येतं?” म्हणूनच सांगतो, गिऱ्हाईकाचा डेटा ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. तो जपणं हाही धंद्याचाच भाग.

आजचा गृहपाठ सोपा आहे. हे वाचून झालं की आपल्या बॅकअपचा फोल्डर कुठल्या डिस्कवर आहे, ते एकदा यादी काढून बघा. तीन मिनिटं लागतील. आणि तुमच्याही रकान्यात ‘१’ दिसला, तर घाबरू नका. आता काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा वाढवा आणि डेटा सांभाळा!